विषय: गड्ड्याला येणाऱ्यांसाठी लाउंजच्या टिपा

प्रेषक: मेलबर्नमधला एक सभासद

मंडळी, नमस्कार.

संक्रांतीला गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी, यंदा बरेच जण सोलापूरला निघालेत. मेलबर्न, सिंगापूर, मुंबई आणि पुढं वंदे भारत. तिकिटं महागलीत, निदान खाण्यापिण्याचा खर्च तरी वाचवू या.

भारतातल्या बँकेचं कार्ड असेल तर मुंबई विमानतळावर दोन रुपयांत लाउंज, म्हणजे बसायची-जेवायची खास जागा, मिळतं. परतीला तिथं जाताना रिकामे डबे आणि मुलांच्या बाटल्या बरोबर ठेवा. केक, सँडविच, फळं, ज्यूस भरून घेतलं की सिंगापूरला काही विकत घ्यावं लागत नाही, उरलेलं घरी पोचल्यावर मुलांना होतं. कुणी सोडायला आलं असेल तर त्यांच्यासाठी पूर्ण पैसे परत मिळणारं तिकीट काढायचं, सगळ्यांनी मिळून आत जेवायचं, नंतर तिकीट रद्द करायचं. हे मंडळाच्या प्रवास-माहितीपत्रकात टाकावं अशी सचिवांना विनंती.

प्रेषक: सोलापूरला परतलेला जुना सभासद

मंडळी, सप्रेम नमस्कार.

मेल वाचला आणि लगेच लिहायला बसलो. तुम्ही गड्ड्याला येताय याचा फार आनंद आहे. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी, सगळं बघायला या. पण लाउंजबद्दल जे लिहिलंय ते माहितीपत्रकात जाऊ नये असं मला कळकळीनं वाटतं.

आधी ते दोन रुपये. ते जेवणाचे पैसे नाहीत. कार्ड चालू आहे का, त्यावर लाउंजची सवलत शिल्लक आहे का, हे बघण्यासाठी काउंटरवर ते कापतात. खरा हिशेब मागं होतो. तुम्ही आत पाऊल टाकलंत की लाउंजवाला माणशी एक रक्कम लावतो. ती बँक नाहीतर कार्डाचं नेटवर्क भरतं, मध्ये एखादी जोडणारी कंपनी असली तर तिचा वाटा वेगळा. बँक हे पैसे आणते कुठून? वार्षिक फीमधून, लोकांनी थकवलेल्या बिलावरच्या व्याजातून आणि दुकानदाराकडून कापलेल्या कमिशनमधून. सोलापुरात नवी पेठेत तुम्ही क्रेडिट कार्डावर चादरी घेता तेव्हा त्या दुकानदाराच्या पदरचे काही पैसे या व्यवस्थेत जातात. फुकट म्हणतो ते कुणीतरी भरलेलं असतं.

आणि ज्यानं भरलंय तो हात आखडता घेतोच. डिसेंबर २०२३ पासून एचडीएफसीनं रेगालिया कार्डावर तिमाहीत एक लाख खर्चाची अट घातली. एप्रिल २०२४ पासून आयसीआयसीआयनं बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्च केला असेल तरच लाउंज, असं केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तर ड्रीमफोक्स या मोठ्या जोडणाऱ्या कंपनीची देशांतर्गत लाउंज सेवाच बंद झाली. त्यामागं बँका, लाउंजवाले आणि कंपनी यांचे आपसातले व्यवहारही होते, सगळं खापर प्रवाशांवर फोडणार नाही. पण लाउंजबाहेर रांग लागायला लागली की पहिली कात्री सवलतीला लागते, हे तर दिसतंच आहे.

या कात्रीत सापडतं कोण ते सांगतो. आमच्या शेजारचं जोडपं मुलीकडं निघालं होतं. दोघं सत्तरीच्या पुढचे, काकांना इन्सुलिन. मुंबईहून मध्यरात्रीनंतरचं विमान. काकांनी पेन्शनच्या बँकेचं कार्ड काढून दिलं. काउंटरवरच्या मुलीनं दोनदा ओढून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, यावर आता बसत नाही." मागच्या तिमाहीत खर्च पुरेसा झाला नव्हता म्हणे. पेन्शनर माणूस कार्डावर खर्च तरी कशाचा करणार? औषधं आणि लाइटबिल. शेवटी गेटजवळच्या खुर्चीत बसून काकूंनी रुमालात बांधलेली कडक भाकरी मोडली, शेंगा चटणीवर पाण्याचे दोन थेंब टाकून कालवली आणि इन्सुलिनची वेळ सांभाळली. त्यांची तक्रार काहीच नाही. पण मला ते लागलं. ज्यांना बसायला जागा आणि वेळेवर जेवण खरोखर हवं होतं ते बाहेर, आणि डबे भरणारे आत. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

आता ते तिकीट काढून रद्द करायचं. याला युक्ती म्हणू नका. चीनमधल्या शीआनच्या विमानतळावर एकानं फर्स्ट क्लासच्या एकाच तिकिटाची तारीख वर्षभरात सुमारे तीनशे वेळा पुढं ढकलली, रोज लाउंजमध्ये जेवला आणि शेवटी तिकिटाचे पूर्ण पैसे परत घेतले, अशी बातमी २०१४ च्या सुरुवातीला जगभर छापून आली. लोक हसले. पण त्याच सुमारास म्युनिकमध्ये असाच प्रकार कोर्टात गेला. लुफ्तान्साचं म्युनिक–झुरिकचं तिकीट, तारीख ३६ वेळा बदललेली, दर वेळी लाउंजमध्ये खाणंपिणं. तिथल्या न्यायालयानं त्या माणसाला सुमारे दोन हजार युरो भरायला लावले, भेटीमागं ५५ युरोच्या हिशेबानं.

तुमचा रस्ता सिंगापूरवरून जातो म्हणून हेही ऐका. प्रवासाचा इरादा नसताना नुसतं आत शिरण्यासाठी बोर्डिंग पास वापरणं हा तिथल्या चांगी विमानतळावर गुन्हा आहे. दंड २०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत जाऊ शकतो, दोन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. सोडायला आलेल्या मेव्हण्याला आत जेवायला घालण्याच्या नादात त्याच्यावर पोलिस केस होईल. २०१६ मध्ये एका माणसानं खोटे बोर्डिंग पास तयार करून तिथल्या ट्रान्झिटमध्ये जवळजवळ तीन आठवडे लाउंजांतून काढले. पकडला गेला आणि दोन आठवडे तुरुंगात गेला.

आपल्या जिल्ह्यात अक्कलकोटला १९८८ पासून अन्नछत्र चालतंय. तिथं कोण कुठला हे विचारत नाहीत. पंगतीत बसायचं, पोटभर जेवायचं, ताटात टाकायचं नाही आणि उठून मागच्या माणसाला जागा करून द्यायची. आपण लहानपणापासून हे पाळत आलोय, कुणी पाटी लावून शिकवलं नाही. विमानतळावर गेल्यावर आपल्याला असं काय होतं?

माहितीपत्रकात लाउंजचं पान जरूर असावं, पण ते वेगळं असावं.

आपला,
काका

प्रेषक: मेलबर्न, पश्चिम उपनगरांतली एक सभासद

काका, नमस्कार.

तुमचा मेल आवडला आणि थोडा टोचलाही, म्हणून लिहिते.

तिकीट रद्द करण्याची ती गोष्ट मलाही पटली नव्हती, ती सोडून देऊ. पण अन्नछत्राशी तुलना मला मान्य नाही. अन्नछत्र दानावर चालतं. लाउंज हा धंदा आहे. कार्ड विकताना बँकेचा माणूस फोन करकरून लाउंजचंच आमिष दाखवतो, आम्ही वर्षाची फी भरतो, आणि वापरायला गेलो की आम्ही हावरट? विमानतळावर साध्या सँडविचला किती पडतात ते बघा. दोन लहान मुलं घेऊन एकटी प्रवास करणाऱ्या बाईनं धाकट्यासाठी एक केळं पर्समध्ये टाकलं, तर तिला तुमच्या त्या डबेवाल्यांत धरू नका. आमची मुलं लाउंजमध्ये जेवत नाहीत, झोपलेली असतात. आणि विमानात शिरल्या शिरल्या त्यांना भूक लागते.

दुसरं म्हणजे, काही लाउंजमध्ये खायला धड नसतं. वाळलेली इडली, थंड पोहे. तिथं काय लुटणार?

आपली,
वहिनी

प्रेषक: सोलापूर

वहिनी, नमस्कार.

केळं खुशाल घ्या. लेकराच्या तोंडच्या घासाला कोण अडवतंय? चालता चालता खायला एखादं फळ, एखादं बिस्किट बऱ्याच लाउंजमध्ये चालवूनही घेतात. फी भरलीय, हक्क आहे, हेही बरोबर. सवलत वापरावी आणि पोटभर खावं. दोनदा वाढून घ्या, तिसऱ्यांदा घ्या. माझा आक्षेप खाण्याला नाही, नेण्याला आणि टाकण्याला आहे. बँकेनं तुम्हाला कबूल केलंय ते एका माणसाचं, त्या जागी बसून खाण्याचं. डब्यात भरून घरी न्यायचं कुणी कबूल केलेलं नाही.

आणि टाकण्याबद्दल मी ऐकीव बोलत नाही. माझी भाची हॉटेल मॅनेजमेंट करून एका लाउंजमध्ये कामाला आहे, सोलापूरचीच पोरगी. कुठल्या लाउंजमध्ये ते सांगत नाही. पहाटेच्या गर्दीत तिची ड्यूटी बुफेवर असते. ती सांगते, रात्रभर जागलेली माणसं येतात आणि पोटापेक्षा डोळ्यांनी जास्त घेतात. एका ताटात चार वडे, त्यावर पास्ता, बाजूला केकचे तीन तुकडे. मग बोर्डिंगची घोषणा होते, माणूस उठतो आणि ताट तसंच राहतं. ती ते उचलते आणि काळ्या पिशवीत ओतते. ताटात पडलेलं परत कुणाला देता येत नाही, आणि उरलेलं घरी न्यायची परवानगी कर्मचाऱ्यांनाही नाही. पहाटे चारपासून उभी असलेली मुलगी अख्खे वडे पिशवीत टाकते आणि आपला डबा सुट्टी झाल्यावर उघडते. जवारीच्या एका कणसासाठी पाऊस मोजणाऱ्या जिल्ह्यात वाढलेल्या पोरीला हे रोज करावं लागतं.

ती आणखी एक सांगते. एखादं मोठं कुटुंब येऊन सँडविचचा ट्रे डब्यांत रिकामा करून जातं, तेव्हा तिला काही बोलता येत नाही, पाहुण्याला टोकायचं नाही असा दंडक आहे. पाच मिनिटांनी दुसरा प्रवासी येतो, रिकामा ट्रे बघतो आणि तिच्यावर डाफरतो. वाळलेली इडली, थंड पोहे, ही तुमची तक्रार खरी आहे. पण माणशी पैसे ठरलेले असताना माल डब्यांतून बाहेर जायला लागला, की लाउंजवाला काय करतो? स्वस्तातलं मांडतो, थोडं थोडं मांडतो, ताजं करून आणायला वेळ लावतो. त्या थंड पोह्यांतला काही वाटा या डब्यांचाही आहे.

पहिल्या मेलमधली ज्यूसच्या बाटल्यांची गोष्ट राहिली. चांगीला बहुतेक ठिकाणी सुरक्षा तपासणी गेटपाशीच होते. लाउंजमध्ये भरलेली बाटली तिथं ओतून टाकावी लागते. आणि "उरलेलं घरी मुलांना" हे तर ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी मनातही आणू नये. जुलै २०२२ मध्ये बालीहून डार्विनला उतरलेल्या प्रवाशाच्या बॅगेत न सांगितलेले अंडं-सॉसेजचे दोन मॅकमफिन आणि एक हॅम क्रोसाँ सापडला. इंडोनेशियात तेव्हा जनावरांमध्ये लाळ्या खुरकूतची साथ होती. झिंटा नावाच्या तपासणी-श्वानानं वास काढला, दंड २,६६४ डॉलर. लाउंजमधलं हॅम सँडविच किंवा सफरचंद पर्समध्ये विसरून मेलबर्नला उतरलात आणि काय काय आणलंय ते सांगायच्या आगमन-कार्डावर "नाही" लिहिलंत, तर तेही त्याच नियमात येतं.

काका

प्रेषक: पहिला मेल लिहिणारा सभासद

काका, माहितीपत्रकासाठी माझा मजकूर धरू नका, तुमच्या मुद्द्यांवरून मी नव्यानं लिहून देतो. फक्त एक विचारायचंय. आई-बाबा मार्चमध्ये पहिल्यांदाच येतायत, सोलापूरहून. तुमच्या शेजारच्यांसारखं त्यांचं होऊ नये म्हणून काय करू?

प्रेषक: सोलापूर

अरे, चांगलं विचारलंस. सविस्तर लिहितो, हेच पत्रकातही घे.

आधी बाबांचं कार्ड कुठलं ते बघ आणि बँकेत फोन करून विचार, आत्ता या तिमाहीत लाउंज लागू आहे का आणि खर्चाची अट किती. वेबसाइटवर जुनं लिहिलेलं राहतं. देशांतर्गत लाउंज आणि आंतरराष्ट्रीय लाउंज वेगळं धरतात, त्यांचं विमान आंतरराष्ट्रीय टर्मिनलवरून आहे, तेवढं स्पष्ट विचार. एका कार्डावर एकच माणूस हे गृहीत धर, आईसाठी वेगळं कार्ड नाहीतर वेगळे पैसे.

नसेलच सवलत, तर तू तिथून पैसे भरून दोघांसाठी लाउंज बुक कर. मुंबईला आणि सिंगापूरलाही पैसे देऊन जाता येतं. सहा तासांच्या थांब्यात त्या वयाच्या माणसाला पाठ टेकायला जागा आणि जवळ स्वच्छतागृह मिळतं, त्यापुढं ते पैसे काहीच नाहीत. लाउंजमध्ये विमानाच्या साधारण तीन तास आधीपासूनच घेतात, त्यापूर्वी नाही, हे त्यांना सांगून ठेव, नाहीतर वंदे भारतनं दुपारी मुंबईत उतरून थेट विमानतळावर जातील आणि रात्रीपर्यंत ताटकळतील. दिवसभर कुणा नातेवाइकाकडं थांबू देत. आता सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईला विमानही सुरू झालंय, त्याची वेळ जुळते का तेही बघ.

बाबांना साखर असेल तर जेवणाची वेळ लाउंजवर सोडू नको. बरोबर भाकरी, धपाटे असू देत, मुंबईहून निघताना तपासणीत कोरडं खाणं अडवत नाहीत. इन्सुलिन असेल तर ते हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. उरलेलं खाणं विमानातच संपवायचं किंवा तिथंच ठेवून उतरायचं.

आई शेंगा चटणी आणल्याशिवाय राहायची नाही. आणू दे, पण सीलबंद पाकीट, चेक-इनच्या बॅगेत, आणि मेलबर्नला उतरताना आगमन-कार्डावर खाण्याचे पदार्थ आहेत का याला "होय". अधिकारी बघून ठरवतील. सांगितलेल्या वस्तूला दंड नाही, फार तर काढून घेतील. हे वाक्य आईला मराठीत लिहून कागदावर दे, आणि अधिकाऱ्याला दाखवायला त्याच कागदाच्या मागं इंग्रजीत.

काका