आधी पाऊस बघा, मग मशीन हलवा

एकच पोकलेन (खोदाईचं मशीन), एक रोलर आणि सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या साच्याच्या, प्लेटा सातारा जिल्ह्यातल्या पाटण, कराड, दहिवडी या तिन्ही साईटवर कशा फिरवायच्या, असा प्रश्न आहे. पाटणची खोदाई आणि पाया जूनच्या आत उरकाच. पाटणच्या कोयना खोऱ्यात झड लागली की मशीन रुतून बसतं आणि भाडं चढत राहतं. दहिवडीकडे, माण तालुक्यात, पावसाळ्यातही भरपूर उघडीप मिळते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पोकलेन तिकडे न्या. ट्रेलर मात्र आधीच सांगून ठेवा. कराडला नदीकाठच्या काळ्या मातीत वाफसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल सुकून माती बेताची ओली राहिल्याशिवाय, रोलर घालू नका.

खरा घोळ प्लेटांचा होतो. स्लॅबची तारीख सगळे धरतात, प्लेटांखालचे टेकू काढायची कुणी धरत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ओपीसीच्या (साध्या पोर्टलँड सिमेंटच्या) स्लॅबला ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्यात (दोन आधारांमधल्या अंतरात) ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्यात १४ दिवस टेकू ठेवावे लागतात. पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं पोझोलाना सिमेंट) असेल तर आणखी थांबा. पुढच्या साईटचा सेंट्रिंगवाला कितीही घाई करो, टेकू आधी काढू नका, कळकळीनं सांगतोय. आणि ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्याला लागतात, तेव्हा प्लेटांची वाहतूक दिवाळीआधीच ठरवा.