मदत हवी आहे: रोध पायऱ्यापायऱ्यांनी का उतरतोय?
नमस्कार मंडळी. सफायरवरची व्हॅनेडियम डायऑक्साइडची पातळ फिल्म तापवतेय. ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास ती विसंवाहकाची धातूसारखी वाहक होते, म्हणून तिचा विद्युत रोध धाडकन कोसळायला हवा. माझा मात्र जिना उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने उतरतो. थंड करताना तर वाटच वेगळी, सात-आठ अंश खालून. २००७ मध्ये नियर-फील्ड इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शकाने (पृष्ठभागाला जवळजवळ टेकलेल्या टोकाने नॅनोमीटरचे तपशील टिपणारा) दाखवलं होतं की विसंवाहकात आधी धातूची नॅनोमीटर आकाराची डबकी उगवतात, मग वाढत जाऊन एकमेकांना भिडतात. माझ्या पायऱ्या म्हणजे डबकी भिडण्याचे क्षण, की नुसती चांदीच्या पेस्टची ढिली जोडणी? (तीनदा नव्याने लावली. पायऱ्या आहेतच.) इलेक्ट्रोडमधलं अंतर जेमतेम ५ मायक्रॉन. नियर-फील्ड यंत्र आमच्याकडे नाही, एएफएम (अणुबल सूक्ष्मदर्शक, बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणारा) आहे. त्याच्या वाहक टोकाने हे ओळखता येईल का? कुणी करून पाहिलंय?