बी.एड.चा ऑनलाइन अभ्यासक्रम: व्हिडिओ कोणाचा हवा?

ऐरोलीकर प्राध्यापिका
ठाण्यातल्या एका बी.एड. महाविद्यालयात मी शिकवते. पुढच्या सत्रात अध्यापन कौशल्यांचा भाग अर्धा ऑनलाइन करायचं ठरलंय आणि आराखडा माझ्याकडे आलाय. सहकाऱ्यांचं म्हणणं, केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचासारखी चार अंगं ठेवू: व्हिडिओ, वाचन साहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. चौकट चांगलीच आहे. पण प्रत्यक्षात होतं असं, की प्राध्यापक पाऊण तास बोलतात, छात्राध्यापक, म्हणजे बी.एड. करणारे आमचे विद्यार्थी, ते दीडपट वेगाने पळवतात आणि चर्चेत 'खूप छान माहिती मॅडम' लिहून मोकळे होतात.

माझ्या मते मध्यभागी छात्राध्यापकाचा स्वतःचा पाठ हवा. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव-पाठाचं, चक्र आपल्याला पाठ आहे: ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (फीडबॅक), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्पाठ, पुन्हा ६ प्रत्याभरण. एकूण ३६. तासिकेत हे बसवताना बळी जातो तो मधल्या १२ मिनिटांचा, आणि खरं शिकणं तर तिथेच असतं. ऑनलाइनमध्ये त्या १२ मिनिटांचे दोन दिवस करता येतील. पाठ मोबाइलवर चित्रित करून मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या प्रणालीवर चढवायचा. दोन सहाध्यायींनी नेमक्या क्षणावर बोट ठेवायचं: 'इथे प्रश्न विचारलास आणि उत्तरही तूच देऊन टाकलंस.' मग पुनर्पाठ. माझं व्याख्यान १० मिनिटांत आटपेल.

नौपाड्याचे गुरुजी
मॅडम, मला हे अजिबात पटत नाही. मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेत आंतरवासितेला, म्हणजे बी.एड.मधल्या शाळेतल्या सरावाला, आलेल्या एका मुलीचा सातवीचा पाठ मी पाहिला होता. अपूर्णांकांची बेरीज. स्लाइड देखण्या, आवाज स्पष्ट. एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असं सांगितलं. ती म्हणाली, 'चूक, बस खाली,' आणि पुढची स्लाइड लावली. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून त्याने ते उत्तर काढलं होतं. पाठ खरा तिथून सुरू व्हायला हवा होता.

तुमच्या चित्रित पाठात विद्यार्थी म्हणून बसणार पदवीधर सहाध्यायी. ते २/५ म्हणणारच नाहीत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि त्यात शाळेतले २० आठवडे ठेवले. मेहनत घ्यायची तर त्या २० आठवड्यांवर घ्या.

आसनगाव लोकल
मी छात्राध्यापिका आहे, शहापूर तालुक्यातून ठाण्याला येते. गुरुजी, तुमचं खरं आहे, तरीही मी मॅडमच्या बाजूची. मैत्रिणीने सहज माझा पाठ मोबाइलवर घेतला होता. मी निम्मा वेळ फळ्याकडे तोंड करून बोलत होते. हे मला तीनदा सांगून झालं होतं, कळलं त्या दिवशी.

फक्त चढवण्याचा विचार करा. घरी रेंज नाही, स्टेशनवर आल्यावरच फाइल जाते. चित्रणाचा दर्जा कमी चालेल असं आधीच लिहून द्या. मुदत रात्री १२ची नको, दुसऱ्या दिवशी दुपारची ठेवा.

तुमचाच एक सहकारी
साधा हिशेब मांडतो. ५० छात्राध्यापक, प्रत्येकी ६ मिनिटं, म्हणजे ५ तास. पुनर्पाठ धरून १० तास, तेही एका कौशल्याचे. प्रत्याभरण लिहिण्याचा वेळ वेगळाच. कार्यभारात हे तास कुणी धरणार आहे का? नाही धरले, तर न बघताच गुण दिले जातील आणि अभ्यासक्रम कागदावर राहील.

ऐरोलीकर प्राध्यापिका
सर, पहिला पाठ सहाध्यायी बघतील, मी पुनर्पाठ आणि त्यांनी लिहिलेलं प्रत्याभरण बघेन. आणि गुण पाठाइतकेच प्रत्याभरणालाही देईन, कारण दुसऱ्याचा पाठ नीट बघता येणं हेही शिक्षकाचं काम आहे. तरी ५ तास उरतातच. ते कार्यभारात धरायला लावणं माझ्याकडे लागलं.

गुरुजी, तुमचा २/५ डोक्यातून जात नाही. आंतरवासितेतले खऱ्या वर्गातले पाठच चित्रित केले तर?

घणसोलीची आई
कृपया नको. माझी मुलगी सहावीत आहे. तिची चूक पन्नास अनोळखी लोकांनी थांबवून थांबवून बघावी, हे मला मान्य नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. आणि संमतीचा कागद दप्तरातून आला की आम्ही सही करतोच, शाळेला नाही कोण म्हणणार? मोबाइल छात्राध्यापकांचे स्वतःचे. ते चित्रण पुढे कुठे जाईल, हे तुम्ही सांगू शकाल का?

ऐरोलीकर प्राध्यापिका
नाही सांगू शकणार. ताई, मुलांचं चित्रण आराखड्यातून काढलं. त्याऐवजी आंतरवासितेत मुलांच्या वहीतली चुकीची उत्तरं नाव न लिहिता उतरवून आणायची आणि त्यातल्या एकावर सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा. मग सहाध्यायींना २/५ म्हणावंच लागेल.

नौपाड्याचे गुरुजी
वहीतली चूक थंड झालेली असते. वर्गात ती अचानक येते, चाळीस मुलं तुमच्याकडे बघत असतात आणि घड्याळ पळत असतं. ते घरी बसून, दोन दिवस विचार करून येणार नाही.

ऐरोलीकर प्राध्यापिका
मान्य. म्हणून प्रश्न कौशल्य ऑनलाइन घेत नाही, ते वर्गातच राहील, पूर्ण ३६ मिनिटांच्या चक्रासकट. कथन आणि फलक लेखन मात्र ऑनलाइनच ठेवते. आसनगाववाल्या ताईंना फळ्याकडचं तोंड मोबाइलमध्येच दिसलं, आम्ही तीनदा सांगून दिसलं नव्हतं. मुदत दुपारी दोनची लिहिली आहे.