वडोदऱ्यात महापालिकेला निम्मे लोकसुद्धा मत देत नाहीत, असं का?

दांडिया बाजार:
फेब्रुवारी २०२१मध्ये वडोदरा महापालिकेला जेमतेम ४८ टक्के मतदान झालं. त्याआधी २०१९च्या लोकसभेला ६८ टक्के होतं. पाणी, गटार, रस्ता, घरपट्टी हे सगळं खंडेराव मार्केटच्या कचेरीतून ठरतं, मग तिथे कोण बसणार याचीच लोकांना फिकीर का नसावी?

निवडणुकीआधी मी गल्लीत घरोघर मतदार चिठ्ठ्या पोचवतो. एकेका वाड्यात सात-आठ नावं असतात आणि दार उघडायला एक आजी येतात. "हा पुण्याला, ही कॅनडात, धाकटा भायलीला फ्लॅटमध्ये," असं सांगत त्या सगळ्या चिठ्ठ्या देवघरापाशी ठेवून देतात. आळशी म्हणून शिव्या खाणारे मतदार मुळात गल्लीत राहतच नाहीत. तुमच्याकडेही असंच आहे का?

मांजलपूर:
काका, लोकसभेच्या आकड्यात शहराबाहेरचे सावली आणि वाघोडिया हे भागही येतात, त्यामुळे तुलना सरळ नाही. तरी तुमचं निरीक्षण पटलं.

माझ्या मते दुसरं कारण चार जणांचं पॅनल आहे. १९ वॉर्ड, ७६ नगरसेवक, म्हणजे एका वॉर्डाला चार. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही कोणाला धरायचं? एकाला फोन केला की तो दुसऱ्याचं नाव सांगायचा. महापौरही आपण थेट निवडत नाही, नगरसेवक निवडतात. माणूस मत देतो तो चेहऱ्याला, आणि इथे चेहराच ठरत नाही.

रावपुरा:
मत न देणाऱ्याला दंड करा, सरळ होतील.

दांडिया बाजार:
गुजरातने तेही करून पाहिलंय. सक्तीच्या मतदानाचं विधेयक विधानसभेत २००९ला आणि पुन्हा २०११ला मंजूर झालं. राज्यपालांची सही झाली २०१४ला. २०१५च्या नियमांत १०० रुपये दंड होता, आणि त्याच वर्षी हायकोर्टाने स्थगिती दिली. ती आली नसती तर पहिली नोटीस आमच्या गल्लीतल्या आजींच्या दारात आली असती, कॅनडातल्या मुलीच्या नावाची! यादी खरी नसताना दंड कोणाला लावणार? मला ती सक्ती तेव्हाही अन्यायाची वाटली, आजही वाटते.

भायलीची सून:
काका, तुमच्या यादीतला तो "धाकटा" म्हणजे आमच्यासारखेच. भायली, सेवासी, बील, वेमाली वगैरे गावं २०२०मध्ये महापालिकेत आली. आम्ही घरपट्टी इथे भरतो, कचऱ्याची गाडी इथली बघतो, आणि नावं मात्र सासरच्या जुन्या वाड्यात. सासूबाईंना वाटतं, नाव काढलं तर वाड्यातला हिस्सा जाईल. रविवारी मतदानासाठी जुन्या शहरात जायचं, तर ह्यांना दुकान असतं आणि मुलांचा क्लास.

दांडिया बाजार:
ताई, ही भीती मी दहा घरांत ऐकलीय, म्हणून स्पष्ट लिहितो. मतदार यादीचा मालकीहक्काशी काही संबंध नाही. हिस्सा ठरतो दस्तऐवज आणि वारसाहक्काने. नाव हलवल्याने वाड्याची एक वीटही कोणाची कमी होत नाही.

राज्य निवडणूक आयोग महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच वॉर्डाप्रमाणे पाडतो. त्यामुळे वेगळी खटपट नाही. पत्ता बदलायला फॉर्म ८ भरा, ऑनलाइन किंवा तुमच्या बीएलओकडे (भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी), माणशी एक. जोडीला नव्या पत्त्याचा पुरावा, लाइटबिल चालतं. फक्त निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका, तेव्हा फार उशीर होतो.

भायलीची सून:
आमचे दोघांचे भरते. सासूबाईंचं नाव तिथेच ठेवते, त्या तिथेच राहतात आणि मत चुकवत नाहीत.

मांजलपूर:
काका, पुण्याला स्थायिक झालेल्यांनीही फॉर्म ८च भरायचा ना?

दांडिया बाजार:
हो, तोच. पुण्यात पुण्याच्या पत्त्यावर भरायचा.