ह्वामेईला पिंजऱ्यात ठेवावं का?

रानवाट:
दक्षिण चीन, उत्तर व्हिएतनाम, लाओस इथला ह्वामेई हा आपल्या सातभाईंच्या कुळातला पक्षी. अंगानं तपकिरी, डोळ्याभोवती पांढरं कडं आणि तिथून मागे गेलेली पांढरी रेघ. गळा मात्र असा की त्यापायीच पिढ्यान्‌पिढ्या कोंडला गेला. ही प्रथा बंद व्हावी, असं माझं ठाम मत आहे. बांबूच्या आणि झुडपांच्या गचपणात, जमिनीवर पाचोळा उलथून किडे शोधणारा हा जीव. त्याला हातभर जागेत डांबून गाणं ऐकायचं, यात कसलं पक्षीप्रेम?

पिंपळपान:
असहमत. हाँगकाँगच्या युएन पो स्ट्रीटवरच्या पक्षीबागेत म्हातारी माणसं पिंजरे घेऊन येतात, पक्ष्यांना जिवंत टोळ भरवतात. त्यांची माया खोटी नाही. रानात हा पक्षी ऐकू येतो, दिसत सहसा नाहीच. बंदीनं काय होतं? आपल्याकडे रानपक्ष्यांचा व्यापार कधीचाच बंद आहे, तरी मुनिया आणि पोपट विकले जातातच. त्यापेक्षा परवाने देऊन पैदास करू द्या.

रानवाट:
पिंजऱ्यात जन्मलेला कोणता आणि रानातून धरलेला कोणता, हे बाजारात ओळखणार कसं? धरतात ते मुख्यतः नर, कारण गाण्याची किंमत. नर आपला इलाखा राखतो, परक्याचा आवाज आला की भांडायला धावतो. म्हणून पाळलेला नर आमिषाला ठेवला की रानातला जाळ्यात येतो. याच स्वभावामुळे त्यांच्या झुंजीही लावतात. २००० साली हा पक्षी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आला; त्यातल्या जातींच्या व्यापारावर नियंत्रण असतं. २०२१ मध्ये चीननं त्याला संरक्षित यादीत घेतलं. उगाच नाही घेतलं.

केवडा:
तुम्ही दोघं तैवान विसरलात. तिथला ह्वामेई २००६ च्या जनुकीय अभ्यासानंतर वेगळी जात मानला जातो. त्याला ती पांढरी रेघ नसते. व्यापारातून आलेले चिनी ह्वामेई पिंजऱ्यांतून सुटले, काही सोडले गेले, आणि आता दोघांचा संकर होतोय. बेटाची स्वतःची जात त्यात विरघळून जाईल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

पिंपळपान:
केवडाताई, हे पटलं. म्हणजे दार उघडून सोडून देणंही घातकच. मग आहेत ते मालकांकडेच राहू देत. पैदासीवर मी अजून ठाम आहे.

रानवाट:
आहेत त्यांची नोंद करा, मरेपर्यंत सांभाळू द्या, हे मलाही मान्य. नवा पक्षी मात्र एकही नको, अंड्यातून आलेला असला तरी. विकत घेणारा आहे तोवर फासे लागणारच.