रेडिओ स्कॅनरवर घरघर येते, सिग्नल कोणता?

प्रश्न: यूएचएफवर नॅरो एफएममध्ये एका चॅनेलवर दोन-चार सेकंद घरघर, मग शांतता. स्पीकरच्या जॅकमधून लॅपटॉपला दिलं तर डीएसडी (डिजिटल आवाज उलगडणारं सॉफ्टवेअर) काहीच पकडत नाही. काय असावं?

उत्तर १: नुसत्या कानावर जाऊ नका, आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लागणारा स्वस्त यूएसबी रेडिओ रिसीव्हर) लावून वॉटरफॉल, म्हणजे सिग्नलचा वेळेनुसार सरकणारा आलेख बघा. पट्टा १२.५ किलोहर्ट्झमध्ये बसतो आणि झूम केल्यावर त्याचे तुकडे दिसतात? मग बहुधा डीएमआरचा (डिजिटल वॉकीटॉकीचं एक मानक) हँडसेट. तो दोनपैकी एकाच स्लॉटमध्ये (वेळेच्या ठरलेल्या तुकड्यात) बोलतो: ३० मिलीसेकंद चालू, ३० बंद. घरघर त्याचीच. रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारं केंद्र) मात्र सलग दिसतो, पी२५ फेज १ हे दुसरं डिजिटल रेडिओ मानक पण. २५ किलोहर्ट्झ रुंद, सपाट माथ्याचा अन् सतत चालू असेल तर टेट्रा, हेही डिजिटल रेडिओचंच मानक. डोंगलचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) मात्र कमीच ठेवा, नाहीतर भलत्याच फ्रिक्वेन्सीवर भुतं, म्हणजे खोटे सिग्नल दिसतात.

उत्तर २: जॅकचाच घोळ आहे. तिथला आवाज डी-एम्फसिस (उंच सूर दाबणारी प्रक्रिया) आणि फिल्टरमधून येतो, त्यात ४ एफएसकेच्या (चार फ्रिक्वेन्सींनी डेटा पाठवायची पद्धत) चार पातळ्या एकमेकींत मिसळतात. डिस्क्रिमिनेटर टॅप (स्कॅनरच्या आतून, फिल्टरच्या आधीच घेतलेली जोडणी) घ्या किंवा एसडीआरमधून ४८ किलोहर्ट्झने कच्चा ऑडिओ द्या. डी-एम्फसिस, नॉईज रिडक्शन, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद करणारी सोय) सगळं बंद. तरीही डीएसडीला सिंक, म्हणजे सिग्नलशी ताळमेळ नाही? पोलॅरिटी उलटी करून पाहा.

उत्तर ३: सुरुवातीला अर्धा सेकंद एकसुरी शिट्टी, मग खरखर असेल तर पेजर, म्हणजे पॉक्सॅग १२०० (सेकंदाला १२०० बिट्सची पेजर पद्धत). ५७६ बिट्सचा प्रिअँबल (संदेशाआधीची खूण) ०.४८ सेकंद चालतो, ६०० हर्ट्झचा सूर. मल्टीमॉन-एनजी हे डिकोडर सॉफ्टवेअर लावा. आणि डीएसडीत सिंक मिळूनही बोलणं चिखलच राहिलं तर बहुधा एन्क्रिप्शन आहे, तिथे थांबा.