वॉरंटी संपलेला डीएसएलआर, सारखा एरर ०१ : किट लेन्स दुरुस्त करावी की बदलावी? (नाशिक)

गोदाकाठ_क्लिक

नमस्कार मंडळी. एंट्री लेव्हल डीएसएलआर आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमी झूमची किट लेन्स आहे. घेऊन चार वर्षं झाली, दोन वर्षांची वॉरंटी कधीच संपली. आता क्लिक केलं की मधूनच एरर ०१ येतो. लेन्स आणि कॅमेऱ्यातला संपर्क बिघडलाय, कॉन्टॅक्ट पुसा, असा मेसेज असतो. बंद करून चालू केला की पुन्हा एक-दोन फोटो निघतात. घरात, संध्याकाळी त्रास कमी, उन्हात हमखास. पडलेला नाही, पाणी गेलेलं नाही.

शहरात एका ठिकाणी दाखवला. न उघडताच 'मदरबोर्ड असेल, मुंबईला पाठवावा लागेल' म्हणाले आणि तोंडी आठ-नऊ हजारांचा आकडा सांगितला. खरंच बॉडीचा दोष आहे का, हे घरी कसं ओळखायचं? आणि दुरुस्तीला द्यायचाच तर काय काय लिहून घ्यायचं?

एफ_आठ

उन्हात हमखास आणि घरात क्वचित, ही मोठी खूण आहे. कमी उजेडात कॅमेरा अॅपर्चर (लेन्समधलं पात्यांचं, उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडं ठेवूनच फोटो काढतो, पाती हलवावीच लागत नाहीत. उन्हात एफ ८, एफ ११ वर (एफ आकडा मोठा, तेवढं भोक लहान) जायचं तर लेन्सला पाती मिटण्याचा आदेश जातो. ती मिटली नाहीत, किंवा लेन्सकडून उत्तर आलं नाही, की बॉडी एरर दाखवून थांबते. त्यामुळे मदरबोर्डच्या नावानं एक रुपयाही देण्याआधी लेन्स तपासा.

पहिल्यांदा कॉन्टॅक्ट. कॅमेरा बंद, बॅटरी बाहेर. लेन्सच्या मागच्या सोनेरी टिकल्या धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा, कापडाला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं लावा. हात धुवायचं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात. खोडरबरही नको, त्याचा भुगा आरशाच्या खोलीत पडतो आणि तिथून सेन्सरवर जातो. बॉडीकडच्या पिना स्प्रिंगवर असतात. टूथपिकनं एकेक हलकेच दाबा. सोडल्याबरोबर वर आली पाहिजे. एखादी खालीच राहिली तर दोष तिथं.

मग ओळखीच्या कुणाची तरी त्याच माउंटची (म्हणजे तुमच्या बॉडीला बसणारी) लेन्स तासभर मागून घ्या, ५० मिमी १.८ असली तरी चालेल. उन्हात एफ ८ वर सलग तीसेक फोटो काढा. एकही एरर आला नाही तर बॉडी सुटली.

आता तुमची लेन्स. एव्ही मोड (एफ आकडा आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा बघतो) लावा, झूम १८ वर, एफ ३.५, दहा फोटो. मग एफ ४, ५.६, ८, ११, प्रत्येकी दहा. तेच सगळं २४, ३५ आणि ५५ वर करा (झूम वाढला की सगळ्यात लहान एफ आकडाही वाढतो, ५५ ला सुरुवातच ५.६ पासून होते). कुठे अडतं ते कागदावर लिहून ठेवा, हा कागद दुकानात उपयोगी पडेल.

उघड्या अॅपर्चरला ठीक आणि मिटताना एरर, असं निघालं तर बहुतेक वेळा अॅपर्चरची फ्लेक्स केबल गेलेली असते. या झूम लेन्समध्ये अॅपर्चरचं युनिट झूमबरोबर पुढेमागे सरकतं आणि त्याला जोडलेली कागदासारखी पातळ पट्टी दर वेळी त्याच जागी दुमडते. हजारो वेळा दुमडून आतल्या तांब्याच्या रेषेला केसाएवढी चीर जाते. पट्टी एका स्थितीत ताणली की चीर उघडते, दुसऱ्या स्थितीत टोकं पुन्हा टेकतात. म्हणूनच ठरावीक झूमवरच बिघाड दिसतो आणि दुकानदारासमोर नेमका दिसत नाही.

तोवर काम अडलं असेल तर एव्ही मोडवर सगळ्यात लहान एफ आकडा ठेवून फोटो काढत राहा, पाती हलणारच नाहीत. ऊन जास्त असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० करा.

सातपूरकर

वरच्या चाचणीशी पूर्ण सहमत. दुरुस्तीला देण्याबद्दल थोडं.

नाशिकमध्ये बऱ्याच ठिकाणी कॅमेरा फक्त जमा होतो आणि पुढे मुंबईला जातो. त्यामुळे पहिलाच प्रश्न विचारा: काम इथं होणार की बाहेर जाणार, आणि बाहेर गेलं तर वाटेतली जबाबदारी कुणाची? बाहेरच जाणार असेल तर स्वतः नेणं बरं. मुंबईत फोर्टमधला बोराबाजार हा कॅमेऱ्यांचा जुना बाजार, सीएसएमटीपासून चालत जाण्याएवढा. नाशिकरोडहून सकाळी पंचवटी एक्स्प्रेस धरली की संध्याकाळी त्याच गाडीनं परत येता येतं, आणि ज्याच्या हातानं लेन्स उघडली जाणार त्याच्याशी समोरासमोर बोलता येतं.

जॉबशीटवर (दुकान देतं त्या कामाच्या पावतीवर) बॉडीचा आणि लेन्सचा, दोन्हींचे सीरियल नंबर लिहून घ्या. कार्ड, पट्टा, फिल्टर घरीच ठेवा. आधीचे ओरखडे नोंदवा, फोटो काढून ठेवा. दोष सांगताना 'एरर येतो' एवढंच सांगू नका. 'झूम २४ वर, एफ ८ ला, दहातले सात वेळा' असं सांगा, म्हणजे दोष कुठे आहे ते थेट कळतं. एस्टिमेट लेखी हवं: पार्ट वेगळा, मजुरी वेगळी, १८ टक्के जीएसटी वेगळा. दुरुस्ती नाकारली तर तपासणीचे किती पैसे लागतील, तेही आधीच विचारा. 'मंजुरीशिवाय काम सुरू करू नये' आणि 'जुना पार्ट परत द्यावा' ही दोन वाक्यं जॉबशीटवर आलीच पाहिजेत.

अधिकृत सेंटरला सहसा पूर्ण अॅपर्चर असेंब्ली बदलतात, नुसती फ्लेक्स नाही. बाहेरचा कारागीर फक्त फ्लेक्स बदलतो, त्यामुळे खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो. पण तिथं सगळी भिस्त त्याच्या हातावर, कारण फ्लेक्स डागावी लागते आणि काचा पुन्हा सरळ बसवाव्या लागतात.

लेन्स परत घेताना दुकानातच तपासा. भिंतीवर वर्तमानपत्राची चार पानं सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला अगदी समोरासमोर लावा, १८ आणि ५५ वर उघड्या अॅपर्चरला एकेक फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं साधारण सारखी दिसली पाहिजेत. एकच बाजू पुसट आली तर आतली काच वाकडी बसलीय, तिथल्या तिथे परत द्या. कामाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. तोच दोष पुन्हा आला आणि कुणी दाद देईना, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक आयोगात जायचं असेल तर २०१९ च्या कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे. बिल नसेल तर यातलं काहीच नीट पुढे सरकत नाही.

रविवार_कारंजा

ही फ्लेक्स ऑनलाइन फार स्वस्तात दिसतेय. घरी बदलता येईल का?

एफ_आठ

सोल्डरिंगचा हात बसलेला असेल आणि लेन्स गेली तरी चालणार असेल, तरच. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. साधा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण बसत नाही, वर चढतो आणि डोकं झिजवतो. एकदा झिजलं की तो स्क्रू काढायला तासभर जातो. ०० आणि ००० चे जेआयएस पेचकसच घ्या. माउंटखाली कागदासारख्या पातळ चकत्या असतात. कुठली कुठे होती त्याचा फोटो काढा, नाहीतर फोकस कायमचा चुकतो. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. कागदावर लेन्सची आकृती काढून तिच्यावर दुहेरी चिकटपट्टी लावा आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. फ्लेक्सच्या सॉकेटची बारीक काळी कडी आधी नखानं उचला, पट्टी ओढू नका.

लेन्स उघडणं आणि बॉडी उघडणं यात फार फरक आहे. बॉडीत फ्लॅशचा कॅपॅसिटर असतो, सुमारे ३०० व्होल्टचा. बॅटरी काढल्यावरही त्यात चार्ज राहतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. बॉडी घरी उघडू नका.

गोदाकाठ_क्लिक

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे केलं. ५० मिमी वर चाळीस फोटो, एकही एरर नाही. माझ्या लेन्सवर १८ ते २८ मध्ये एफ ५.६ पासून पुढे जवळजवळ दर वेळी एरर, ५५ वर एकदाही नाही. म्हणजे फ्लेक्सच. पण मोबाइलचा टॉर्च मागून धरून बघितलं तर आतल्या काचेवर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले. हे काय? आणि आता काय करू?

सातपूरकर

ही बुरशी आहे. पावसाळाभर कॅमेरा बॅगेत बंद राहिला की होते. आता हिशेब बदलला. फ्लेक्स, बुरशीची सफाई आणि काचांचं अलाइनमेंट अशी तिन्ही कामं मिळून जो आकडा होईल, तेवढ्यात त्याच जातीची चांगली वापरलेली किट लेन्स मिळते. बुरशीनं काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर पुसल्यावरही डाग राहतो आणि समोरून उजेड आला की फोटो धुरकट येतो. या लेन्सवर खर्च करू नका. बॉडी चांगली आहे, ती ठेवा.

वापरलेली लेन्स घेताना स्वतःची बॉडी बरोबर न्या. झूम-एफ ची तीच चाचणी तिथंच करा आणि टॉर्च दोन्ही बाजूंनी लावून बघा. जुनी लेन्स बॅगेतून आजच बाहेर काढा. बॅग दोन दिवस कडक उन्हात उलटी करून ठेवा, नवी लेन्स त्याच बॅगेत लगेच ठेवू नका. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात अर्धा किलो निळं सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. खडे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास, पुन्हा निळे होईपर्यंत. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा काटा बघा. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसात जाऊन आलात तर कॅमेरा पुसून, पंख्याखाली तासभर वाळवून मगच डब्यात ठेवा.